कपाळावरचा आकडा आणि अंगातला ताप

२०२० च्या मध्यापासून पुढे बराच काळ दुकानांच्या, बँकांच्या आणि कारखान्यांच्या दारांत एक दृश्य रोज दिसत असे. रखवालदार हात लांब करून पांढरे यंत्र समोरच्याच्या मनगटाकडे रोखायचा, बारीक आवाज व्हायचा, पडद्यावर ९३ किंवा ९४ फॅरनहाइट उमटायचे आणि माणूस आत जायचा. ९३ फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ ३४ सेल्सिअस. शरीराच्या आतले तापमान ३५ सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले तर डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि तातडीने उपचार सुरू करतात. हातात पिशवी घेऊन चालत आलेल्या, रखवालदाराशी बोलणाऱ्या माणसाला तो झालेला नसतो. आकडा चुकीचा होता, आणि त्या चुकीच्या आकड्यावर माणसे रोज तापमुक्त ठरत होती.

त्या आकड्याला कोणी हरकत घेतली नाही, कारण कमी आकड्याची भीती वाटत नाही. जास्त आकडा आला की सगळे थबकतात, पुन्हा मोजतात, विचारपूस करतात. कमी आला की निश्चिंत होतात. ताप तपासणीतला खरा धोका इथे आहे, कारण या यंत्राच्या वापरातल्या बऱ्याचशा चुका आकडा खाली ओढणाऱ्या असतात.

कोविडची साथ ओसरली, यंत्रे राहिली. शाळांच्या कार्यालयात, आश्रमशाळांच्या वसतिगृहात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, पाळणाघरात आणि असंख्य घरांच्या औषधांच्या डब्यात आज थर्मल गन पडून आहे. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, फ्लू सुरू झाले की ती बाहेर निघते. ती नीट वापरायला पैसे लागत नाहीत, थोडी समज आणि थोडा धीर लागतो.

हे यंत्र मोजते काय, ते आधी पाहायला हवे. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढलेला त्यांना आढळला. आजची थर्मल गन त्याच अदृश्य किरणांवर चालते. यंत्राच्या तोंडाशी भिंग असते आणि त्यामागे थर्मोपाइल नावाचा संवेदक. कपाळातून येणारे किरण त्याच्यावर पडले की अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. हा दाब संवेदकाचे स्वतःचे तापमान आणि समोरच्या त्वचेचे तापमान यांतल्या फरकावर अवलंबून असतो, म्हणून यंत्र स्वतः किती गरम आहे हेही त्याला अचूक कळावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

यंत्र किरण फक्त घेते, सोडत नाही. कपाळावर गन धरली की मेंदूतल्या ग्रंथीला इजा होते, अशी अफवा २०२० मध्ये मोबाइलवरून फिरली होती. तिला काहीही आधार नव्हता. तरी अनेकांनी तिच्यापायी कपाळ मागे घेतले आणि मनगट पुढे केले. मनगटाची त्वचा कपाळापेक्षा जास्त लवकर गार होते, हवेप्रमाणे तिचे तापमान खूप बदलते, आणि कपाळासाठी बनवलेल्या यंत्राचे गणित मनगटाला लागू पडत नाही. रखवालदाराच्या पडद्यावर ९३ येण्याचे हे एक मोठे कारण होते.

गणित कसले? निरोगी माणसाच्या कपाळाची त्वचा शरीराच्या आतल्या भागाइतकी गरम नसते. साधारण खोलीत ती ३३ ते ३५ सेल्सिअसच्या आसपास असते. यंत्र तो आकडा मोजते, त्यात काही अंशांची भर घालते आणि तोंडात तापमापक ठेवला असता किती आले असते याचा अंदाज पडद्यावर दाखवते. अनेक यंत्रांत दोन पद्धती असतात. एक शरीरासाठी, दुसरी वस्तूच्या पृष्ठभागासाठी, म्हणजे दुधाची बाटली किंवा अंघोळीचे पाणी तपासायला. चुकून बटण दाबले जाऊन यंत्र पृष्ठभागाच्या पद्धतीवर गेले, तर ताप नसलेल्याचा आकडा ३४ येतो आणि चांगला ताप असलेल्याचाही ताप नसल्यासारखा दिसू शकतो. रोज यंत्र हातात घेतल्यावर पहिली नजर या पद्धतीच्या चिन्हाकडे जायला हवी, दुसरी सेल्सिअस की फॅरनहाइट याकडे, तिसरी बॅटरीच्या चिन्हाकडे.

हा अंदाज कोणत्या वेळी सर्वांत जास्त फसतो, ते थंडी वाजून येणाऱ्या तापात दिसते. मलेरियाचा रुग्ण गोधडीखाली कुडकुडत असतो तेव्हा त्याच्या शरीराचे आतले तापमान भराभर वर चढत असते. ते चढवण्यासाठी शरीर त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडता घेते. हातपाय गार पडतात, कपाळही तापलेले लागत नाही. अशा वेळी थर्मल गन खुशाल ९८ दाखवू शकते. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्यात, आश्रमशाळेत एखादे मूल हुडहुडी भरून आले आणि गनवर आकडा साधा आला, तर गनवर नव्हे, मुलावर विश्वास ठेवावा. काखेत किंवा जिभेखाली डिजिटल तापमापक लावावा, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजावे आणि रक्ततपासणीची वाट अडवू नये.

आता प्रत्यक्ष मोजण्याकडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पर्शाविना ताप मोजणाऱ्या या यंत्रांसाठी दिलेल्या सूचना साध्या आहेत आणि त्या आपल्याकडेही लागू पडतात. मोजण्याची जागा वाऱ्याच्या झोताबाहेर, उन्हाबाहेर आणि उष्णतेच्या साधनांपासून दूर असावी. तिथले तापमान १६ ते ४० सेल्सिअसच्या दरम्यान आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी. यंत्र त्या जागेत १० ते ३० मिनिटे आधी आणून ठेवावे. संवेदकाचे मघाशी सांगितलेले स्वतःचे तापमान इथे आडवे येते. एसीच्या खोलीतून एकदम ओसरीवर आणलेले यंत्र काही काळ स्वतःच गोंधळलेले असते.

या सूचना कागदावर सोप्या, महाराष्ट्राच्या हवेत अवघड. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरला सावलीतही पारा ४० च्या वर असतो, तेव्हा दाराबाहेर टेबल टाकून केलेल्या तपासणीला अर्थ उरत नाही. यंत्र त्याच्या मर्यादेबाहेर गेलेले असते. जुलैत रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाणे ही रोजची गोष्ट. उपाय एकच : तपासणी दारात न करता आतल्या खोलीत करावी, पंखा थेट कपाळावर येणार नाही अशी जागा निवडावी, आणि माणसाला तिथे दहा-पंधरा मिनिटे बसू द्यावे. शाळेत हे सहज जमते. मुले प्रार्थना आटोपून वर्गात स्थिरावली की मग मोजावे. फाटकातून धावत आलेल्या मुलाचे कपाळ कधी उन्हाने तापलेले असते, कधी घामाने गार झालेले.

घाम फार फसवा. तो सुकताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, म्हणून घामेजलेल्या कपाळावर आकडा हमखास कमी येतो. कपाळ कोरड्या कपड्याने हलकेच टिपावे आणि काही मिनिटे थांबावे. ओल्या सुगंधी रुमालाने पुसू नये, त्याने कपाळ आणखी गार पडते. हेल्मेट, घट्ट टोपी, डोक्यावरून घेतलेला पदर किंवा स्कार्फ यांच्या खाली कपाळ दबून गरम राहते आणि आकडा वर जातो. ते काढून थोडा वेळ जाऊ द्यावा.

आपल्याकडे कपाळ नुसते कपाळ नसते. त्यावर कुंकू, गंध, अष्टगंध, भस्म, टिकली, कधी बाळाची काजळाची तीट असते, आणि ती नेमकी तिथेच असते जिथे यंत्र रोखायचे. यंत्राला त्वचा दिसायला हवी, लेप नको. चमकदार, धातूच्या वर्खाची टिकली सर्वांत वाईट, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःचे किरण कमी सोडतो आणि आसपासचे परावर्तित करतो. यासाठी कोणाला टिकली काढायला लावण्याची गरज नाही. बहुतेक यंत्रांत भुवयांच्या किंचित वर, मध्यभागापासून थोडे बाजूला, केस नसलेल्या स्वच्छ त्वचेवर मोजता येते. यंत्राच्या माहितीपत्रकात कोणती जागा सांगितली आहे ते एकदा वाचावे आणि सर्वांसाठी रोज तीच जागा ठेवावी.

अंतराची चूक सर्वांत सर्रास होते. यंत्राचा नजरेचा पट्टा बॅटरीच्या झोतासारखा पसरत जातो. जवळून तो नाण्याएवढ्या कपाळावर पडतो, हातभर अंतरावरून त्यात केस, भुवया आणि मागची भिंतही येते, आणि आकडा त्या सगळ्यांची सरासरी होऊन बसतो. योग्य अंतर प्रत्येक यंत्राचे वेगळे असते. काहींचे जेमतेम १ ते ५ सेंटिमीटर, काहींचे १५ पर्यंत. शेजारच्या शाळेत चालणारे अंतर आपल्या यंत्राला चालेलच असे नाही. ज्या यंत्राला ३ सेंटिमीटर हवे ते ३० वरून धरले तर अख्ख्या रांगेत एकालाही ताप निघणार नाही. यंत्र कपाळाला काटकोनात धरावे, हात हलू देऊ नये, माणसानेही मान वळवू नये. एकदा मोजून संशय आला तर मिनिटभराने पुन्हा दोनदा मोजावे. तिन्ही आकड्यांत अर्ध्या अंशाहून जास्त तफावत असेल तर एकही धरू नये, जागा बदलून पुन्हा सुरुवात करावी.

भिंगावर बोट लागू देऊ नये. तेलकट बोटाचा ठसा, धूळ, सॅनिटायझरचे थेंब यांनी किरण अडतात आणि आकडा उतरतो. कान साफ करायची कापूस लावलेली काडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून भिंग हलकेच पुसावे, पूर्ण वाळू द्यावे. यंत्रावर सॅनिटायझरचा फवारा मारणे टाळावे. आणि यंत्र स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नये.

घरोघर फिरून मोजणाऱ्यांची अडचण निराळी. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली, तेव्हा आशा सेविका आणि स्वयंसेवक थर्मल गन आणि पल्स ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. उन्हातून ओसरीवर, ओसरीतून पुढच्या उन्हात. कोणत्याही घरी अर्धा तास थांबणे त्यांना शक्य नव्हते आणि तशी अपेक्षाही करू नये. पण कामाचा क्रम बदलता येतो. यंत्र हातात न धरता कापडी पिशवीत, सावलीच्या बाजूला ठेवावे. घरात गेल्यावर ते आधी बाहेर काढून ठेवावे, मग नावे, वये, जुने आजार, सध्याची औषधे यांची नोंद करावी, आणि तापमान सर्वांत शेवटी घ्यावे. चुलीपासून उठून आलेल्या बाईचे कपाळ तिला जरा बसवल्याशिवाय मोजू नये. हा एवढा बदल कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

खरेदी करताना एक गल्लत टाळावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, लाल लेसरचा ठिपका टाकणारी गन मोटार, विजेची पेटी किंवा भट्टी तपासण्यासाठी असते. तिच्यात दीड-दोन अंश सेल्सिअसची चूक चालून जाते, कारण भट्टीला २०० अंश आहे की २०२ याने बिघडत नाही. माणसात मात्र ३७ आणि ३८ यांच्यामध्येच सगळा प्रश्न असतो. शिवाय तो लेसर डोळ्यांत जाण्याचा धोका. खोक्यावर वैद्यकीय वापरासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि परवाना क्रमांक असावा, आणि माहितीपत्रकात अचूकता दिलेली असावी. ०.२ ते ०.३ सेल्सिअस मागेपुढे, इतकी असल्यास चांगली.

विमानतळांवरच्या थर्मल कॅमेऱ्यांचे तत्त्व हेच, शिस्त आणखी कडक. २००३ च्या सार्सच्या साथीत सिंगापूरने ते वापरात आणले. त्यांच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मोजण्याची जागा कपाळ नसून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा आहे, कारण तिथली त्वचा पातळ असते आणि आतल्या उष्णतेच्या जवळ असते. एका वेळी एकच माणूस, चष्मा काढून, कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून. गर्दीवर कॅमेरा लावून एकदम पन्नास जणांचा ताप पाहणे ही पद्धत दिसायला आधुनिक वाटते, पण ती भरवशाची नाही.

पद्धत निर्दोष असली तरी ताप तपासणी काय सांगू शकत नाही, हेही माहीत असायला हवे. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियातल्या मोनरोव्हियाहून अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाचे तापमान विमानतळावर ९७.३ फॅरनहाइट भरले. आकडा खरा होता. आजाराची लक्षणे त्याला काही दिवसांनी डॅलसमध्ये दिसू लागली आणि महिनाअखेर इबोलाचे निदान झाले. चीनमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत दाखल झालेल्या १०९९ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा दाखल होताना ताप असलेले ४४ टक्क्यांच्या आसपास होते. रुग्णालयात असताना मात्र जवळपास ८९ टक्क्यांना ताप आला. अमेरिकेच्या विमानतळांवर जानेवारी ते सप्टेंबर २०२० या काळात ७ लाख ६६ हजारांहून अधिक प्रवाशांची तपासणी झाली आणि त्यातून कोविडचे ९ रुग्ण सापडले. ती मोहीम मग बंद करण्यात आली. त्यात भर म्हणजे पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ताप काही तास झाकलेला असतो. ‘आज सकाळी तापाची गोळी घेतली का’ हा प्रश्न म्हणूनच यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

उलट दिशेची चूकही होते. समजा हजार मुलांच्या शाळेत खरोखर ताप असलेली दहा मुले आहेत. यंत्र दहापैकी आठ पकडते आणि ताप नसलेल्या शंभरांपैकी पाच जणांवर चुकून बोट ठेवते. मग आठ खरी मुले आणि सुमारे पन्नास निरोगी मुले एकाच बाकावर येऊन बसतील. त्या पन्नासांना सर्वांसमोर बाजूला काढणे, दप्तर घेऊन घरी पाठवणे, किंवा ‘याला ताप आहे’ असे मोठ्याने म्हणणे हा अन्याय आहे. गनचा आकडा संशय एवढेच सांगतो. ज्याचा आकडा जास्त आला त्याला शांत खोलीत बसवावे, पाणी द्यावे, पंधरा मिनिटांनी डिजिटल तापमापकाने तपासावे आणि मगच पालकांना कळवावे. नुकताच गरम चहा किंवा गार पाणी घेतले असेल तर तोंडात लावायला तितकाच वेळ थांबावे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो, हे लक्षात ठेवावे.

ताप म्हणायचा तरी कधी? जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या काखेतल्या तापमानाच्या नोंदींवरून ३७ सेल्सिअस हा आकडा रूढ केला. तो रेषेसारखा धरण्यात अर्थ नाही. पहाटे शरीर सर्वांत थंड असते, दुपार टळल्यावर सर्वांत उबदार, आणि हा फरक अर्ध्या अंशापर्यंत असतो. सकाळी सातला ३७.४ असलेले मूल संध्याकाळच्या ३७.४ पेक्षा जास्त लक्ष देण्याजोगे असते. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट हा सर्वसाधारण मान्य उंबरठा आहे. पण गनवर ३७.५ आले तरी दुसऱ्या तापमापकाने पडताळणे शहाणपणाचे. त्वचेच्या रंगाबद्दलही सावधपणा हवा. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कपाळावरून मोजणाऱ्या यंत्रांनी कृष्णवर्णीय रुग्णांचा ताप तोंडातल्या तापमापकाच्या तुलनेत जास्त वेळा चुकवल्याचे दिसले.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत गनवर विसंबूच नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच तासात डॉक्टरांकडे जायचे कारण. अंग गरम लागले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर डिजिटल तापमापक काखेत लावून हात अंगाशी धरावा आणि आवाज होईपर्यंत हलवू नये. गुंडाळलेले कपडे आधी थोडे सैल करावेत. आकडा साधा आला तरी बाळ मलूल असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. कानात मोजणारे अवरक्त तापमापक मोठ्या मुलांना चांगले, कारण कानाचा पडदा मेंदूला जाणाऱ्या रक्ताच्या जवळ असतो. पण सहा महिन्यांच्या आत कानाची नळी इतकी अरुंद असते की टोक नीट बसत नाही.

नोंद करताना आकड्याशेजारी वेळ, जागा (कपाळ, काख की तोंड), एकक आणि घेतलेली औषधे लिहावीत. ‘ताप ९९’ एवढ्या नोंदीतून डॉक्टरांना फार काही कळत नाही. ‘सकाळी ८.४०, कपाळ, ९९.१ फॅ., रात्री दोनला पॅरासिटामॉल’ यातून बरेच कळते. यंत्राची तब्येतही याच वहीत पाहता येते. रोज काम सुरू करण्याआधी ठणठणीत असलेल्या तीन कर्मचाऱ्यांचे तापमान गनने आणि डिजिटल तापमापकाने मोजून शेजारी शेजारी लिहावे. सर्वांच्या नोंदीत गन सारखीच अर्धा अंश किंवा त्याहून जास्त खाली-वर दाखवू लागली, तर आधी भिंग, बॅटरी आणि पद्धतीचे बटण पाहावे. त्यानंतरही फरक राहिला तर यंत्र बाजूला काढावे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत, तापमान ठाऊक असलेल्या ब्लॅकबॉडी नावाच्या प्रमाण उष्णतास्रोतासमोर धरून अशी यंत्रे तपासली जातात. रोज शेकडो मुले किंवा कामगार तपासणाऱ्या संस्थेने ही तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी आणि तिचा दाखला त्याच वहीत चिकटवून ठेवावा.